फाइल सापडली म्हणजे नेमकं काय सापडलं?

समोर बसलेल्यांत चाकण, भोसरी, तळवडे भागातल्या कारखान्यांत क्वालिटीला काम करणारे बरेच जण आहेत, असं मला आयोजकांनी सांगितलं. बरं झालं. कारण आज मला जे म्हणायचंय ते वकिलांना समजावताना मला अर्धा तास लागतो, तुम्हाला ते दोन मिनिटांत कळेल.

समजा, ग्राहकाकडून एक लॉट परत आला. बोअरचा व्यास जास्त आहे. तुम्ही एट-डी रिपोर्ट लिहायला बसलात आणि मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलंत, 'ऑपरेटरची चूक. पुरावा : सदोष पार्ट ऑपरेटरच्या मशिनजवळच्या ट्रेमध्ये सापडला.' तुमचा साहेब काय म्हणेल? कागद परत भिरकावेल. पार्ट ट्रेमध्ये होता हे दिसतंच आहे, तो तिथं आला कसा ते सांगा. टूल झिजलं होतं का? फिक्स्चर हललं होतं का? आधीच्या पाळीतलं मटेरियल मिसळलं का? आणि तुम्हाला जे कारण वाटतं ते चालू-बंद करून दाखवा. टूल बदललं की दोष जातो, जुनं लावलं की येतो. त्याशिवाय ग्राहक रिपोर्ट बंद करत नाही.

एका ब्रॅकेटसाठी आपण एवढं करतो. माणसाला सहा वर्षं तुरुंगात ठेवण्याच्या प्रश्नात तेवढं झालं का, हे आज बघायचं आहे.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. इंग्रजीतल्या हायपॉथेसिसला आपण सर्रास 'गृहीतक' म्हणतो. हा शब्द फसवा आहे. एखादी गोष्ट गृहीत धरणं म्हणजे ती तपासायची नाही असं ठरवणं. 'मला गृहीत धरू नकोस' असं आपण घरात म्हणतो ना, तसं. पण विज्ञानात जो तर्क मांडतात तो गृहीत धरायला नाही, मोडता येतो का ते बघायला मांडतात. शिक्षणशास्त्रात मराठीतून संशोधन करणाऱ्यांनी हा भेद जपला आहे. त्यांच्या प्रबंधात 'गृहीतके' वेगळी लिहितात आणि 'परिकल्पना' वेगळ्या. गृहीतक मान्य करून पुढे जायचं, परिकल्पनेची परीक्षा घ्यायची. बीएड, एमएडच्या विद्यार्थ्यांना हा भेद पाठ असतो आणि आपल्या तपासयंत्रणांच्या कागदांत तो सापडत नाही, अशी माझी तक्रार आहे.

आता प्रकरण. आपल्याच परिसरातलं आहे. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाला, १८१८ च्या लढाईला दोनशे वर्षं पूर्ण होत होती त्या दिवशी, हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला. दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला, इथं पिंपरी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदली गेली. तिच्यात मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांची नावं होती. घटना तिकडची, म्हणून ती शिक्रापूरला वर्ग झाली. मग ८ जानेवारीला पुण्यात विश्रामबाग पोलीस ठाण्यात दुसरी तक्रार आली. तिचं म्हणणं असं, की ३१ डिसेंबरला शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेतल्या भाषणांनी वातावरण तापलं.

म्हणजे एकच घटना, आठवड्याच्या आत दोन ठाण्यांत दोन परिकल्पना. पद्धत म्हणून बघितलं तर ही चांगली सुरुवात होती! दोन प्रतिस्पर्धी तर्क कागदावर होते. पुढे पहिल्या तक्रारीत एकबोटे यांना मार्च २०१८ मध्ये अटक झाली आणि जामीन मिळाला, भिडे यांना अटक झाली नाही. दुसऱ्या तक्रारीचा तपास मात्र भाषणांवरून माओवादी कटापर्यंत गेला. १७ एप्रिल २०१८ ला दिल्लीत रोना विल्सन, नागपुरात सुरेंद्र गडलिंग आणि इतरांच्या घरांवर छापे पडले, संगणक, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह जप्त झाले. ६ जूनला पाच जणांना अटक झाली. पुढे आरोपींची संख्या सोळावर गेली. जानेवारी २०२० मध्ये तपास एनआयएकडे गेला.

या आरोपांचा मोठा भार कशावर होता? पत्रांवर. कागदावरची पत्रं नव्हेत, संगणकातल्या फाइली. त्यातलं सर्वांत गाजलेलं पत्र 'आर' नावाच्या कुणी कॉम्रेड प्रकाशला लिहिलेलं, आणि हा 'आर' म्हणजे विल्सन असा पोलिसांचा दावा. ३१ ऑगस्ट २०१८ ला राज्याच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन अशी पत्रं वाचूनही दाखवली. खटला उभा राहायच्या आधी! त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात न्या. चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात कडक शब्दांत नापसंती नोंदवली. ते निकालपत्र अल्पमतातलं होतं हेही सांगायला हवं. बहुमताने विशेष तपास पथकाची मागणी नाकारली.

आता ट्रेमधला पार्ट आठवा. विल्सन यांच्या संगणकात फाइल सापडली. यातून काय सिद्ध झालं? फाइल तिथं होती, एवढंच. ती तिथं येण्याचे किमान तीन रस्ते आहेत. एक, त्यांनी स्वतः टाइप केली. दोन, कुणीतरी त्यांना पाठवली आणि त्यांनी जपून ठेवली. तीन, त्यांच्या नकळत कुणीतरी ती तिथं ठेवली. फाइल उघडून वाचून या तिन्हींतला फरक कळत नाही, कारण मजकूर तिन्ही बाबतींत तोच असणार. फरक पडतो तो आजूबाजूच्या खुणांत. स्वतः टाइप केली असेल तर वर्डच्या तात्पुरत्या फाइली, अलीकडे उघडलेल्या दस्तऐवजांची यादी, जतन केल्याच्या वेळा, असं काही ना काही मागे राहतं. ईमेलने आली असेल तर ब्राउझरमध्ये, डाउनलोडमध्ये माग राहतो. बाहेरून घुसवली असेल तर घुसवणाऱ्या प्रोग्रामचा माग राहतो. ब्रायन कॅरियर नावाच्या संशोधकाने २००६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली. त्याचं सार माझ्या भाषेत सांगायचं तर, संगणकाचा भूतकाळ आपण पाहिलेला नसतो. आत्ताची डिस्क दिसते, बाकी सगळं तर्क. मग तो तर्क उघड मांडा आणि कसाला लावा.

हे काम पहिल्यांदा जाहीरपणे झालं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. मॅसॅच्युसेट्समधल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षाकडून आलेल्या डिस्कच्या प्रतीचा अहवाल दिला. अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं : १३ जून २०१६ ला वरवरा राव यांच्या ईमेल खात्यातून विल्सन यांना मेल आले, त्यातली जोडलेली फाइल त्यांनी उघडली, आणि 'नेटवायर' हा दुरून संगणक चालवू देणारा प्रोग्राम आत शिरला. तो बाजारात विकत मिळत असे. पुढे २२ महिने कुणीतरी आत-बाहेर करत होतं. ३ नोव्हेंबर २०१६ ला एक छुपं फोल्डर तयार झालं, त्याचं नाव नंतर बदललं, आणि ती दहा महत्त्वाची पत्रं त्यात पोचवली गेली. त्या फोल्डरमधली शेवटची हालचाल १६ एप्रिल २०१८ ची. छापा १७ चा.

वर्तमानपत्रांनी यातला एक मुद्दा फार उचलला : काही पत्रांच्या पीडीएफ वर्ड २०१० किंवा २०१३ मधून बनवलेल्या होत्या आणि विल्सन यांच्या संगणकावर होतं वर्ड २००७. ऐकायला जबरदस्त वाटतं. मला मात्र हा मुद्दा लोक समजतात तेवढा वजनदार वाटत नाही. का? आपले तीन रस्ते घ्या. पहिल्या रस्त्याला, म्हणजे 'याच संगणकावर टाइप केली' याला तो अडचणीत आणतो. पण दुसऱ्याचं काय? दुसऱ्याने पाठवलेली पीडीएफ दुसऱ्याच्याच वर्डमधून बनणार. सरकारी वकील उद्या म्हणतील, 'बरोबर आहे, कॉम्रेडने पाठवलं, त्याच्याकडे नवं वर्ड होतं.' 'आर' ने लिहिलेल्या पत्राबद्दलही ते म्हणू शकतात, की सायबर कॅफेत बसून लिहिलं. सापडलेली खूण दोन्ही तर्कांत बसत असेल, तर ती त्या दोघांत निवाडा करत नाही. इथं अहवाल वाचणारे आपले मित्रसुद्धा घाईत होते, असं मी म्हणेन.

निवाडा करणाऱ्या खुणा वेगळ्याच आहेत. त्या कंटाळवाण्या आहेत, म्हणून मथळ्यात आल्या नाहीत. एक म्हणजे फाइली कुठून आणि कुठल्या प्रोग्रामच्या हातून आल्या, ती साखळी. दुसरी, ती दहा पत्रं आणि ते फोल्डर त्या संगणकावर कधी उघडल्याचीसुद्धा खूण आर्सेनलला मिळाली नाही. हे महत्त्वाचं आहे. स्वतः लिहिलं असतं तरी उघडलं असतं. मित्राने पाठवलं आणि जपून ठेवलं असतं तरी एकदा तरी उघडून वाचलं असतं की नाही? पंतप्रधानांच्या हत्येच्या गोष्टी करणारं पत्र आलं आणि माणसाने ते न वाचताच छुप्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवलं? पहिले दोन्ही रस्ते इथं अडतात. तिसरा अडत नाही. परिकल्पनेची परीक्षा म्हणतात ती ही.

पुढच्या अहवालांत हा धागा जाड होत गेला. गडलिंग यांच्या संगणकातही तोच घुसखोर, असं जून २०२१ मधला अहवाल म्हणतो. फादर स्टॅन स्वामी यांच्याबद्दलचा अहवाल डिसेंबर २०२२ चा. ते ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच गेले होते. त्यात असं नोंदलंय, की ११ जून २०१९ ला घुसखोराने आपल्या खुणा पुसायला सुरुवात केली, आणि संगणक जप्त झाला १२ जूनला. दोन वेगळ्या माणसांच्या बाबतीत, दोन वेगळ्या वर्षी, जप्तीच्या आदल्याच दिवशी हालचाल. एकदा योगायोग म्हणू. दुसऱ्यांदा तरी कुणी विचारायला नको का, की छाप्याची बातमी बाहेर कशी जात होती?

विचारायला हवं, पण याचं उत्तर डिस्क देत नाही. घुसखोर कोण, हे आर्सेनलने सांगितलेलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनलवन या कंपनीने याच टोळीवर अहवाल काढला, तिला 'मॉडिफाइड एलिफंट' नाव दिलं, आणि तिचं काम भारतीय शासनाच्या हितसंबंधांशी जुळतं असं म्हटलं. त्याच वर्षी जूनमध्ये 'वायर्ड' मासिकाने, हॅक झालेल्या काही खात्यांना जोडलेले नंबर आणि ईमेल पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याशी जुळतात, असं वृत्त दिलं. मला विचाराल तर, 'फाइली घुसवल्या' ही परिकल्पना बऱ्यापैकी कसाला लागलेली आहे. 'अमक्याने घुसवल्या' ही अजून लागलेली नाही. पहिली पटली म्हणून दुसरी आपोआप पटवून घेणं, म्हणजे आपणही गृहीत धरायला लागलो.

आता दुसरी बाजू. एनआयएचं म्हणणं असं, की सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत मालवेअर आढळलं नाही, आर्सेनलचा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, आणि आरोपींविरुद्ध इतर कागदोपत्री आणि तोंडी पुरावाही आहे. शेवटचा मुद्दा न्यायालयाने तपासायचा, तो मी सोडतो. पहिला मात्र आपल्या अंगणातला आहे.

'आढळलं नाही' म्हणजे काय? तुमच्याकडे एमएसए करतात, गेज आर अँड आर करतात. कशासाठी? दहा मायक्रॉनचा दोष पकडायचाय आणि गेज पन्नास मायक्रॉनखाली बघूच शकत नाही, तर त्या गेजने 'दोष आढळला नाही' म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही. तसंच, प्रयोगशाळेने काय शोधलं, कशाने शोधलं, पुसलेल्या जागेत शोधलं की फक्त चालू फाइलींत, नेटवायरसारखी गोष्ट त्या पद्धतीने सापडलीच असती याची चाचणी केली होती का, हे सांगितल्याशिवाय 'आढळलं नाही' हे वाक्य पुरावा होत नाही. आपल्याकडे फॉरेन्सिक प्रयोगशाळेला तपास अधिकारी प्रश्नावली पाठवतो : अमुक मजकूर डिस्कमध्ये आहे का? डिलीट झालेला मजकूर काढून द्यावा. प्रयोगशाळा उत्तर देते, आहे. काढून दिला. उत्तर खरं असतं. प्रश्नच एका तर्कातून आलेला असतो. तुमच्याकडे फाइव्ह-व्हाय दोनदा करतात ना, एकदा 'दोष का घडला' आणि एकदा 'का निसटला'? हा दुसरा प्रश्न प्रयोगशाळेला कुणी विचारतच नाही.

आणि यात माणसाचं मनही आहे. निना सुंदे आणि इतिएल ड्रोर यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५३ डिजिटल तपासनीसांना एकच डिस्क-प्रत दिली, प्रकरणाची पार्श्वभूमी मात्र वेगवेगळी सांगितली. संशयित निर्दोष असावा असं सुचवलेल्यांना कमी खुणा सापडल्या. डिस्क तीच! आणि सारखीच पार्श्वभूमी मिळालेल्यांचंही आपसात धड जमलं नाही. टीव्हीवर ज्या पत्रांचं वाचन झालंय, ती असलेली डिस्क टेबलावर आल्यावर कुणाचंही मन कोरं राहील का?

आता मी आरोपींचा वकील वाटू लागलो असेन, म्हणून एक उलटं उदाहरण देतो. २००३ मध्ये लंडनमध्ये ॲरन कॅफ्रे या तरुणावर खटला झाला. अमेरिकेतल्या ह्यूस्टन बंदराची संगणकयंत्रणा बंद पाडल्याचा आरोप. त्याचा बचाव : माझ्या संगणकात ट्रोजन घुसला होता, त्याने केलं. तपासनीसांना ट्रोजनचा मागमूस मिळाला नाही. तो म्हणाला, ट्रोजनने स्वतःलाच पुसून टाकलं. ज्यूरीने त्याला सोडलं. तो निर्दोष असेलही. पण परिकल्पना म्हणून हे निकामी आहे. माग मिळाला तर ट्रोजन, नाही मिळाला तरी ट्रोजन! कशानेच खोटी ठरू शकत नाही अशी परिकल्पना आणि भुताची गोष्ट यांत फरक नाही. विल्सन प्रकरणातला दावा असा नाही. तो तारखा सांगतो, फोल्डरचं नाव सांगतो, प्रोग्रामचं नाव सांगतो. चुकीचा असेल तर त्याच प्रतीवरून दुसऱ्या तज्ज्ञाला तो चुकीचा दाखवता येईल. वॉशिंग्टन पोस्टने तीन बाहेरच्या तज्ज्ञांकडून अहवाल तपासून घेतला, त्यांनी निष्कर्ष योग्य ठरवले. पण वर्तमानपत्रातली तपासणी म्हणजे उलटतपासणी नव्हे. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच व्हायला हवी, आणि तीच अजून व्हायची आहे.

कायद्याचं काय? सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला अर्जुन खोतकर प्रकरणात, म्हणजे जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कलम ६५ ब चं प्रमाणपत्र लागतंच, असं स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता हॅश मूल्यही लिहावं लागतं आणि तज्ज्ञाचा भागही भरावा लागतो. चांगलंच आहे. पण हॅश म्हणजे पाकिटावरची लाख. पाकीट मधे कुणी फोडलं नाही एवढं ती सांगते. लाख लावायच्या आधी आत काय कोंबलं होतं, ते ती कशी सांगणार? १७ एप्रिलला लावलेली लाख १६ एप्रिलबद्दल मुकीच आहे. नव्या प्रमाणपत्रातही 'ही फाइल इथं कशी आली याचे कोणते पर्याय तपासले' असा रकाना नाही.

या प्रकरणातली माझी सगळ्यात आवडती परीक्षा संगणकाची नाहीच, आपल्या भाषेची आहे. सुधा भारद्वाज यांच्या नावावर एक पत्र होतं. सर्वोच्च न्यायालयात बचाव पक्षाने एक टिपण दिलं आणि चंद्रचूड यांनी ते निकालपत्रात नोंदवलं : त्या पत्रात १७ ठिकाणी देवनागरीतली अशी रूपं आहेत जी मराठीतच होतात. सुधाताई मराठी भाषक नाहीत, त्यांचं काम छत्तीसगडमधलं. मग हे लिहिणारा कोण? बघा, यात ना लॅब लागली ना सॉफ्टवेअर. 'हे पत्र त्यांनी लिहिलं असेल तर त्यात काय दिसायला हवं, आणि काय दिसायला नको' एवढा एकच प्रश्न विचारला. आपल्यातला कुणीही पाचवी-सहावीतला मुलगा हिंदीच्या वहीत मराठी वळण घालतो तेव्हा बाई ते कसं पटकन ओळखतात! अर्थात, पत्र दुसऱ्या कुणी उतरवून घेतलं असेल, हाही पर्याय तपासायला हवा. पण तपासायला हवा म्हणजे कुणीतरी बसून तपासायला हवा.

व्याख्यान इथं थांबवतो. प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : अहवाल इतका स्पष्ट आहे, तर लोक सुटले का नाहीत?)

जामीन मिळत गेले, पण या अहवालावर नाही. व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ ला जामीन दिला. त्यात न्यायालयाने पाहिलं ते असं, की ही पत्रं त्यांच्याकडून जप्त झालेलीच नाहीत, दुसऱ्यांच्या उपकरणांतून आली आहेत, त्यांचं पुराव्याचं वजन कमी. शोमा सेन एप्रिल २०२४ ला सुटल्या. रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ ला जामीन दिला, तो २०१८ पासून कोठडीत असल्यामुळे आणि खटला नजीकच्या काळात संपण्याची शक्यता नसल्यामुळे. तोवर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती आणि साक्षीदार होते तीनशेच्या वर. म्हणजे ज्या डिस्कवरून हे सगळं उभं राहिलं, तिच्यात ती फाइल कशी आली, या प्रश्नावर कुठल्याही न्यायालयाने त्या दिवसापर्यंत पुरावा ऐकलेला नव्हता.

(दुसरा प्रश्न : आम्ही काय करू शकतो? आमच्या कंपनीतही डेटा चोरीच्या चौकश्या होतात.)

हो, होतात. एचआर एका बाजूला, आयटी एका बाजूला, मधे बिचारा ड्रॉइंग ऑफिसातला मुलगा. त्याच्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या प्रकल्पाची ड्रॉइंग सापडली, की लगेच पत्र तयार. अशा वेळी आयटीवाल्याला लेखी विचारा : ही फाइल तिथं येण्याचे किती रस्ते तुम्ही धरले, आणि कुठल्या खुणेवरून कुठला रस्ता बंद केला? सर्व्हरवरून आपोआप सिंक झाली का, हे सगळ्यात आधी बघा. आणि ते बघून होईपर्यंत लॅपटॉप चालू करून त्यात कुणी काही शोधत बसू नका, प्रत काढून ठेवा. पुढचा प्रश्न?